बघून निवडलेली फळी

फळी घरात आली तेव्हापासून सुताराच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता. एक फूट लांब, एक फूट रुंद, बोटभर जाड अशी ती साधी देवदाराची फळी. त्याच्या लेकीने ती खिडकीत उभी करून ठेवली होती आणि जेवायला बसलं की ती नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर यायची. बायकोला वाटलं, पोर परीक्षेत नापास झाली म्हणून बापाचं तोंड उतरलंय. शेजाऱ्यांनाही तसंच वाटलं. "अहो, होतं मुलांचं असं कधीकधी," म्हणून लोक त्याची समजूत घालायचे आणि तो मान डोलवायचा. खरं काय ते त्याला एकट्याला ठाऊक होतं आणि ते सांगायला त्याला तोंड नव्हतं.

माणूस तसा नाकासमोर चालणारा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. गिऱ्हाइकाने उजवीकडे उघडणाऱ्या दाराचं कपाट सांगावं, तयार झाल्यावर "मी डावीकडेच म्हटलं होतं" असं ठणकावून सांगावं, आणि याने "असेल साहेब, माझंच चुकलं असेल" म्हणत बिजागऱ्या उकलायला घ्याव्यात. खिशातल्या वहीत त्याच गिऱ्हाइकाने काढलेलं चित्र असायचं, दार उजवीकडे. पण ते बाहेर काढून दाखवायची छाती नव्हती. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात, हे काही आजचं नाही. याला तर वर्षानुवर्षं खणून लोकांनी विहीर केली होती. बायको म्हणायची, "लाकडाला वठणीवर आणता, मग माणसांसमोरच का असे गळपटता?" तो म्हणायचा, "लाकूड उलटून बोलत नाही ना."

लेक एकुलती एक. जन्मली तेव्हा इतकी बारीक होती की आजीने तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. आजी गेली, नाव राहिलं. मुंगी आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस तिची आई शाळेच्या फाटकापाशी लवकर पोहोचली आणि तिने पाहिलं की आपली पोर तीन दप्तरं घेऊन येतेय. एक स्वतःचं, दोन मागून हात हलवत येणाऱ्या दोन मुलींची. विचारल्यावर मुंगी चपलेकडे बघत म्हणाली, "मीच म्हटलं, मी नेते." असं वर्षभर चाललं होतं.

आईने घरी येऊन निकाल लावला. "पोरगी तुमच्यावर गेलीय. उद्यापासून कराटेच्या क्लासला घालतेय."

"मारामारी शिकवायची पोरीला?" सुतार बिचकला.

"मारामारी नको. नुसतं 'नाही' म्हणायला आलं तरी पुष्कळ झालं."

क्लास भरायचा सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. शिकवणारी बाई दिवसा दवाखान्यात नर्स होती. सकाळभर लोकांना सुया टोचायची आणि संध्याकाळी सहाला पांढरा पोशाख घालून पोरांसमोर उभी राहायची. मुलं तिला मॅडम म्हणत. तिने पहिला महिनाभर मुंगीला फक्त उभं राहायला शिकवलं. पाय किती अंतरावर, खांदे कुठे, नजर कुठे. मग पडायला शिकवलं. डोकं न आपटता, हात न मोडता कसं पडायचं आणि पडल्यावर इकडेतिकडे न बघता कसं उठायचं. सुतार बायकोला म्हणाला, "उभं राहायला आणि पडायला क्लास कशाला? ते मी फुकटात शिकवलं असतं." बायको म्हणाली, "पडायचं शिकवलं असतंत. उभं राहायचं कुठून आणणार होतात?"

पण गुण दिसायला लागला. तीन महिन्यांनी एक दिवस मुंगीने ती दोन दप्तरं शाळेच्या आवारातच खाली ठेवली आणि म्हणाली, "आजपासून नाही." आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. त्या दोघींनी आधी हसून पाहिलं, मग डोळे वटारून पाहिलं आणि शेवटी आपापली दप्तरं उचलली. दुकानात एक दांडगा गृहस्थ तिच्या डोक्यावरून हात घालून सामान मागायला लागला, तेव्हा ती मान वर करून म्हणाली, "काका, माझा नंबर आहे." काका मागे झाले. लोकांना वाटतं कराटे म्हणजे हाणामारी. मुंगीने दोन वर्षांत कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती आणि तरी गल्लीतलं कुणीही तिला आता गृहीत धरत नव्हतं.

सुताराला त्याचा अभिमान किती! सहा वाजले की रंधा ठेवून तो हॉलच्या दारात उभा. भुवयांवर भुस्सा तसाच. तासभर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत तो पोरीकडे बघत राहायचा. गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेला की टेप हातात धरून सांगायचा, "आमची मुंगी पिवळ्या पट्ट्याला आहे. आता हिरवा."

हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत फळी तोडावी लागायची. दोन मोठी मुलं फळी दोन्ही बाजूंनी धरून उभी राहायची आणि मुलाने एका फटक्यात ती दुभंगायची. संधी दोन. मॅडमचा त्याबाबत एक नियम होता. जी फळी तुटली नाही ती त्या मुलाने घरी न्यायची, रोज बघायची आणि पुढच्या परीक्षेला तीच घेऊन यायचं. दुसरी मिळत नसे. या वेळी फळ्या कोण देणार म्हटल्यावर सुतार आपणहून पुढे झाला. आपल्या पोरीची परीक्षा आणि लाकूड परक्या हातचं? छे!

चौदा मुलं, चौदा फळ्या. एकाच ओंडक्यातल्या, सारख्या जाडीच्या, गाठ नसलेल्या. शिरा सगळ्या एका दिशेला, म्हणजे बरोबर फटका बसला की लाकूड शिरेवर सरळ चिरावं. काम चोख झालं होतं. तिथेच थांबला असता तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

पण परीक्षेच्या तीन दिवस आधी त्याने क्लासमध्ये एका मोठ्या मुलीचा सुजलेला पंजा पाहिला. सरावात फळी तुटली नव्हती आणि सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. सुताराला आपली शाळा आठवली. तो स्वतः दहा वर्षांचा असताना त्याला सगळ्या शाळेसमोर दोरीवरून उडी मारायला लावलं होतं. पाय अडकला, तोंडावर पडला, आणि अख्खं मैदान हसलं. त्यानंतर तो वर्गात कायम शेवटच्या बाकावर बसला. मुंगीचं तसं झालं तर? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक फळी वेगळी काढली. शिरेवरून बारीक करवत चालवून तिचे दोन तुकडे केले. बेत सोपा होता. सरसाचे दोन थेंब लावायचे, तुकडे जोडायचे, मुंगीचा हात लागला की फळी दोन ठिकाणी. कुणाला काय कळतंय? त्याने थेंब लावले, तुकडे जोडले, उजेडात धरले. जोडाची बारीक काळी रेघ दिसत होती. मॅडम प्रत्येक फळी दिव्याखाली फिरवून बघायची, तिला ती दिसली असती.

आणि इथे सुतारातला सुतार आडवा आला. जोड दिसला तर सुतार कसला? त्याने तुकडे सोडवले, कडा रंध्याने साफ केल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरस फिरवला. पातळच तर आहे, असं स्वतःला सांगितलं. शिकंज्यात आवळून ठेवले. दुसऱ्या दिवशी वरून रंधा मारला, पॉलिश पेपर फिरवला. नखाला लागणार नाही असा जोड बसला होता. त्याने खूश होऊन कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला, फळी ओळखता यावी म्हणून. पूर्ण सरस खाल्लेला जोड अख्ख्या लाकडाइतकाच पक्का असतो, हे गिऱ्हाइकांना उभ्या जन्मात शंभर वेळा सांगणारा हा माणूस! पण लबाडी करताना अक्कल आधी रजेवर जाते.

रविवारी सकाळी हॉलचा जिना चढताना त्याने मुंगीला थांबवलं.

"ऐक. तुझी फळी मी बघून निवडलीय. सगळा जोर लावू नकोस, उगाच हात दुखवून घेशील. बेताने मार."

मुंगी म्हणाली, "मॅडम म्हणतात, अर्धा फटका मारला तर आपल्यालाच लागतं."

"मॅडमना माराचं कळतं. लाकडाचं मला कळतं."

हे मात्र मुंगीला पटलं. जगातलं बाकी काही बाबांना जमत नाही हे तिलाही दिसत होतं, पण लाकडातला त्यांचा शब्द शेवटचा. ती बरं म्हणाली.

फळ्यांच्या ढिगाशी सुतारच उभा होता. एकेक नाव पुकारलं जायचं, तो फळी द्यायचा. तेरा मुलांनी तेरा फळ्या तोडल्या. औषधवाल्याची पोर तर मुंगीपेक्षा वीतभर बुटकी, तिनेही कडाडकन तोडली. मग त्याने ठिपक्याची फळी पुढे केली.

मुंगी उभी राहिली. श्वास घेतला. आणि बापाने सांगितलं तसा बेताने फटका मारला. ठप्प असा आवाज आला. फळी जागची हलली नाही. तिच्या तोंडावर वेदना उमटली आणि लगेच नाहीशी झाली. दुसऱ्या खेपेला तिने जीव खाऊन मारला, पण दुखावलेलं मनगट ऐन वेळी वाकलं. पुन्हा ठप्प.

कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हरलेल्यासाठी वाजवतात तशा. मॅडमने तिच्या हातावर बर्फ धरला. मुंगी रडली नाही, वाकून नमस्कार करून फळी काखेत घेऊन आली. घरी येताना अर्ध्या वाटेवर म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यात चांगली फळी मला दिली होतीत. तरी माझ्याकडून तुटली नाही."

तेव्हाच बोलायचं होतं. रस्त्यात, तिथल्या तिथे. सुतार म्हणाला, "होतं असं."

त्या एका वाक्याने तो मेल्याहून मेल्यासारखा झाला आणि तरी ते त्याला मागे घेता आलं नाही. मुंगीने फळी खिडकीत ठेवली. तिच्या कोपऱ्यात पेनाने एक छोटी मुंगी काढली, ही आपली म्हणून. सोमवारी ती क्लासला गेली नाही. हात सुजलाय म्हणाली. सूज उतरली, तरी गेली नाही. "माझ्यात जोरच नाही," तिने आईला सांगितलं. "बाकी सगळ्यांच्यात आहे. माझ्यात नाही."

पांढरा पोशाख पेटीच्या तळाशी गेला. पुढच्या आठवड्यात सुतार तिला घेऊन दुकानात खिळे आणायला गेला. एक बाई मागून आली आणि तिला बाजूला सारून पुढे झाली. मुंगीने चपलांकडे पाहिलं आणि ती बाजूला सरकली. सुताराच्या हातातून खिळ्यांचा पुडा सुटला. तीच मान, तोच सरकण्याचा अदबशीर भाव. तो आरशात रोज बघतो तो! दोन वर्षं मेहनत करून मॅडमने जे उभं केलं होतं ते याने एका दुपारी पाडलं होतं. तेही प्रेमापोटी, असं तो स्वतःला सांगायचा. पण प्रेम असतं तर एव्हाना बोलला नसता का?

बोलला नाहीच, वर आणखी एक युक्ती काढली. तशीच दुसरी फळी करून खिडकीत बदलून ठेवायची. मागून पोखरून अशी नाजूक करायची की फुंकर मारली तरी मोडेल. मग पोरीला म्हणायचं, मारून तर बघ एकदा. फळी तयार झाली. आता कोपऱ्यातली मुंगी तेवढी काढायची राहिली. सरळ रेघ मारण्यात ज्याचा हात कधी हलला नाही, त्याच्याकडून ती काही केल्या जमेना. कोळ्यासारखं काहीतरी झालं. त्या चित्राकडे बघता बघता त्याला स्वतःची किळस आली. एकदा शेण खाल्लं ते पुरलं नाही का तुला? त्याने ती फळी दोन तुकडे करून भुश्शात टाकली आणि सदरा बदलून दवाखाना गाठला.

तिथे नंबर लावून बसावं लागलं. डावीकडे खोकणारे आजोबा, उजवीकडे गालफुगीचं पोर, मधे हा धडधाकट माणूस. नंबर आला तसा तो आत गेला.

मॅडम म्हणाली, "काय होतंय?"

"मला काही होत नाही. फळीबद्दल बोलायचंय."

उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. करवत, सरस, ठिपका, जिन्यातलं बोलणं. बोलताना नजर तिच्या हातातल्या कापसावर. मॅडमने मधे एकच प्रश्न विचारला, "सरस पूर्ण का लावलात?"

"जोड दिसला असता."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. म्हणाली, "परीक्षेनंतर मी तिला विचारलं होतं, पहिला फटका अर्धा का मारलास? तू कधीच अर्धा मारत नाहीस. ती म्हणाली, माझं चुकलं. तुमचं नाव काढलं नाही तिने."

सुताराला बसायला हवं होतं, पण तिथली एकुलती एक खुर्ची पेशंटची होती. तो भिंतीला टेकला. "तुम्हीच सांगा ना तिला," तो म्हणाला. "तुमचं ऐकते ती."

"सांगते की. आणि काय सांगू? तुझे बाबा तुझ्याशी बोलायला घाबरले, म्हणून मी आले?" तिने कापूस टाकला. "फळी तुटली नाही त्याचं मला काही नाही. दर वेळी कुणाची ना कुणाची पहिल्यांदा तुटत नाही. म्हणून तर मी ती घरी पाठवते. ती रोज बघून पोरं परत येतात आणि तोडतात, तेच तर शिकवायचं असतं. तुम्ही तिला पडूच द्यायला तयार नव्हतात. आणि आता ती पडलीय ती तुमच्यामुळे. जा घरी."

आणि दाराकडे बघून तिने पुढचा नंबर पुकारला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याने मुंगीला फळी घेऊन कारखान्यात बोलावलं. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. ती आली. त्याने फळी ठोकळ्यावर ठेवली, ओलं फडकं मधोमध फिरवलं. लाकूड भिजलं तशी एक बारीक सरळ रेघ वर आली.

"ही काय आहे?" मुंगीने विचारलं.

"जोड आहे. मी कापली होती ही. परीक्षेच्या आधी. कापून परत चिकटवली, तुझ्याकडून लगेच तुटावी म्हणून. पण सरस जास्त लागला. आणि तुला बेताने मार म्हणालो. तू नेहमीसारखा फटका मारला असतास तर तुटली असती. तुझ्यात जोर आहे. चूक माझी आहे."

एका दमात बोलून तो थांबला. मुंगीने रेघेवरून अंगठा फिरवला.

"मॅडमना माहितीये?"

"काल सांगितलं."

"आईला?"

"आज सांगणार आहे."

"का कापलीत?"

"तुझ्या हाताला लागू नये म्हणून," तो म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच ऐकवेना. "नाही, ते खोटं आहे. तू सगळ्यांसमोर पडशील असं वाटलं म्हणून."

मुंगीने फळी उलटून दुसरी बाजूही बघितली. मग तिने विचारलं, "मी पंधरा दिवस म्हणतेय माझ्यात जोर नाही. तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"ऐकत होतात, आणि समोर बसून जेवत होतात?"

सुताराने मान खाली घातली. मार खाल्लेल्या माणसाला निदान कुठे लागलंय ते तरी कळतं, याला तेही कळत नव्हतं. तो म्हणाला, "माझं चुकलं गं. फार चुकलं."

"पुढच्या परीक्षेला आई येईल," मुंगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि नजर सरळ त्याच्या डोळ्यांत होती. "तुम्ही येऊ नका. फळ्याही देऊ नका."

"बरं."

तिने फळी उचलली, फ्रॉकला पुसली आणि काखेत धरली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"बाबा, तुम्ही रोज क्लासला दारात उभे असायचात ना? पूर्ण तासभर?"

"हो. एक दिवस चुकवला नाही."

"मग तुम्हाला काय दिसायचं?"

ती खरंच विचारत होती, टोमणा नव्हता. उत्तर सुताराला ठाऊक होतं, त्या क्षणीच ठाऊक झालं होतं. दोन वर्षं त्या दारात उभं राहून त्याने पोरीला एकदाही पाहिलं नव्हतं, तो स्वतःलाच बघत आला होता. पण दहा वर्षांच्या लेकीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मुंगीने जरा वाट पाहिली. मग सहा वाजत आले होते म्हणून पेटीतून पोशाख काढायला ती घरात गेली.